पाच ठिकाणी उसना

16 नोव्हेंबर 2025. बुडापेस्टमध्ये 96व्या मिनिटाला ट्रॉय पॅरटनं तिसरा गोल केला, आयर्लंडनं हंगेरीला 3-2 हरवलं, आणि कॅमेऱ्यासमोर त्या तेवीस वर्षांच्या पोराला रडू आवरेना. तीनच दिवस आधी त्यानं पोर्तुगालवर दोन गोल चढवले होते. एरवी हा कामाला असतो आल्कमारला, एझेड क्लबात. अ‍ॅमस्टरडॅममधल्या माझ्या घरापासून ते गाव ट्रेननं जेमतेम पाऊण तास. मग गेलोच.

आल्कमार चीजच्या बाजारासाठी प्रसिद्ध, पण स्टेडियमभर वास तळलेल्या बटाट्यांचा. चेंडू कुठेही जावो, आपण पॅरटकडेच बघायचं, असं ठरवलं होतं. आघाडीवीराचं काम बहुतेक वेळ चेंडूविनाच चालतं. बचावपटूच्या पाठीशी, त्याला दिसणार नाही अशा जागी उभं राहायचं. त्यानं मान वळवली की दोन पावलं सरकायचं. पास येईल म्हणून जीव तोडून धावायचं. पास येत नाही. चालत परत यायचं, खांद्यावरून मागे बघायचं, पुन्हा धावायचं. पॅरट हात झटकत नव्हता, कुणावर खेकसत नव्हता. मला तेच बघत राहावंसं वाटलं.

"पाच क्लबांना उसना दिला होता ह्याला," शेजारचे आजोबा म्हणाले. बोटांवर मोजत त्यांनी नावं घेतली: मिलवॉल, इप्सविच, एमके डॉन्स, प्रेस्टन, एक्सेल्सियर. पाच.

डब्लिनच्या बकिंगहम स्ट्रीटवरचा हा मुलगा 2017 मध्ये, सोळाही पुरी नसताना, लंडनला टॉटनहॅमकडे गेला. डिसेंबर 2019 मध्ये तिथला प्रशिक्षक मोरिन्योनं त्याला बर्नलीविरुद्ध शेवटची काही मिनिटं उतरवलं आणि सामन्याचा चेंडू भेट दिला. चेंडू मिळाला, मैदान फारसं मिळालं नाही. मग सुरू झाली उसनवारी. आमच्याकडे पेरणीला बैल उसना दिला, तरी त्याच्या वैरणीची चौकशी करतात. इथे हंगाम संपला की पोरानं बॅग भरायची, नवी खोली, नवा प्रशिक्षक, आणि गोल का होत नाहीत म्हणून तेच प्रश्न. भरपूर गोल व्हायला लागले ते रॉटरडॅमच्या एक्सेल्सियरकडे, पाचव्या ठिकाणी. 2024 मध्ये एझेडनं त्याला कायमचा घेतला आणि सप्टेंबरात हेरेनवेनला 9-1 धुतलं, त्यातले चार गोल ह्याचे.

आता ब्रेक्झिटमुळे अठरा पूर्ण होईपर्यंत आयरिश मुलांना इंग्लंडच्या क्लबांकडे जाता येत नाही. काही थेट इटलीला जातात, बरीच घरच्या लीगमध्ये दोन वर्षं जास्त खेळतात. मला तर हे बरंच झालं असं वाटतं.

"ह्याला आम्हीही विकणार," आजोबा बटाटे संपवत म्हणाले. "चांगली किंमत येईल."

"आणि मग?"

"दुसरा आणू. आयरिशच बघा म्हणतो मी. अजून स्वस्त पडतात."