सुवर्ण नॅनोकण उत्प्रेरकांतील आधारद्रव्य

सुवर्ण नॅनोकण उत्प्रेरकात सोन्याचे अतिसूक्ष्म कण ज्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर बसवलेले असतात, त्यास आधारद्रव्य म्हणतात. हे द्रव्य कणांना केवळ जागा देत नाही. अनेकदा ते अभिक्रियेत स्वतःही भाग घेते.

इतिहास

सोने रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असल्याने उत्प्रेरक म्हणून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९८७ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताके हारुता व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह, कोबाल्ट व निकेल यांच्या ऑक्साइडांवरील सोन्याचे कण ०° सेल्सिअसखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीभवन घडवतात, असे दाखवले.

आधारद्रव्याचा परिणाम

या अभिक्रियेत कार्बन मोनॉक्साइडचे रेणू सोन्यावर चिकटतात, तर ऑक्सिजन प्रामुख्याने कण व आधारद्रव्य यांच्या सीमेवर सक्रिय होतो. कण २ ते ५ नॅनोमीटर इतके लहान असल्यास ही सीमा मोठी मिळते. टायटॅनियम डायऑक्साइड, फेरिक ऑक्साइड व सेरियम डायऑक्साइड ऑक्सिजनच्या सक्रियणास साहाय्य करतात. सिलिका तसे करत नाही. शिवाय तिची सोन्यावरील पकड सैल असते. त्यामुळे तापवल्यावर कण एकत्र येऊन मोठे होतात व क्रियाशीलता घटते.

उपयोग

सर्व अभिक्रियांना एकच आधारद्रव्य योग्य ठरत नाही. पीव्हीसीसाठी लागणारे व्हिनाइल क्लोराइड ॲसिटिलीनपासून बनवताना सक्रिय कार्बनवरील सोने वापरतात. त्यात सोने मुख्यतः सुट्या आयनांच्या रूपात कार्य करते. या उत्प्रेरकामुळे विषारी मर्क्युरिक क्लोराइडला पर्याय मिळाला आहे.