शपथ घेतलीय, आता डॉक्टरकडे चला

बांद्यात माझं औषधांचं दुकान आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे कर कमी, म्हणून दारू स्वस्त. तिच्या पायी खंगलेली माणसं आणि त्यांच्यासाठी झुरणाऱ्या आया-बायका मी काउंटरवरून बघते. दारूने लिव्हर जातं, हे त्या सगळ्यांना ठाऊक असतं. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तरी जीव जाऊ शकतो, हे फार थोड्यांना.

मध्यंतरी एक काकी आली. "झोपेची गोळी दी गो बाय. झिलान बांदेश्वराकडे शपथ घेतल्यान. कालपासून थेंब नाय. हात थरथरतत. खोलयेत घालून कडी लावलंय."

मी गोळी दिली नाही. "काकी, आधी कडी काढ. तेका आत्ताच सावंतवाडीक सरकारी दवाखान्यात घेवन जा," म्हटलं.

दारू मेंदूला गुंगवते. रोजच्या गुंगीतही काम चालावं म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू थांबली की गुंगी उतरते, पण ती चेतना तशीच राहते. पहिल्याच दिवशी हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, दिवस-रात्र कळत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे जाण्यात मोलाचे तास जातात, आणि उपचारांविना माणूस दगावू शकतो. दवाखान्यात शामक औषध मोजून देतात, रोज कमी करत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. ते फार कमी पडलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची गोष्ट वेगळी. ती सोडतानाचे हाल भयंकर, पण सहसा जीवघेणे नसतात. खरा धोका पुढे असतो. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सवय मोडते. अशात जुन्याच मापाने पुन्हा घेतली, तर श्वास बंद पडतो. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला म्हणूनच सुरुवातीला सर्वांत जास्त जपावं लागतं.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला तिथून कळत गेलं. तरी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्यांच्या वाट्याला काय येतं? शिव्या, शपथा, बंद खोली.

देवावर विश्वास असेल तर गाऱ्हाणं जरूर घाला. पण रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक तोडू नका. किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी आकडी आली होती का, हे डॉक्टरला लाज न बाळगता सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आकडी आली किंवा भ्रम झाला, तर थेट १०८ ला फोन करा. तुमच्या माणसाने सोडायचं मनावर घेतलंय. त्याला त्या दिवसांत एकटं ठेवू नका.