हीथ्रोवर न्यायला कोण येणार? लंडनमध्ये गाडी आधी बुक करण्याविषयी

ऑगस्ट संपत आला की आमच्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. त्याआधीचे प्रश्न प्रवेशाचे, शिष्यवृत्तीच्या यादीचे, व्हिसाचे असतात. तिकीट हातात पडले की शेवटचा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा विद्यार्थ्याचा नसतोच. मागून आईचा आवाज येतो, "तिथं उतरल्यावर न्यायला कोण येणार?"

न्यायला कोणी येणार नसते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून लंडनला निघालेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींचे तिथे ना काका असतात, ना गाववाले. अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. शिष्यवृत्तीचा पैसा खात्यावर पडेपर्यंत खिशातले पौंड घरच्यांनी गोळा करून दिलेले असतात. विमानतळ ते वसतिगृह या तासाभराच्या रस्त्याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो, आणि फसवणूक नेमकी तिथे होते. म्हणून खासगी गाडी आधी कशी बुक करायची, कधी करायची आणि कधी अजिबात करायची नाही, हे एकदा नीट मांडून ठेवतो.

आधी कायदा, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. लंडनमध्ये भाड्याच्या गाड्या दोन प्रकारच्या. पहिली काळी टॅक्सी. ती रस्त्यात हात करून थांबवता येते, विमानतळावरच्या रांगेतून घेता येते आणि मीटरवर चालते. तिच्या चालकाला 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले हजारो रस्ते तोंडपाठ करण्यात लोकांची तीन-चार वर्षे जातात. दुसरी खासगी भाड्याची गाडी, जिला तिथे मिनीकॅब म्हणतात. मिनीकॅब १९६१ मध्ये रस्त्यावर आल्या आणि पुढे कित्येक वर्षे परवान्याविनाच धावत राहिल्या. १९९८ मध्ये लंडनपुरता स्वतंत्र कायदा झाला, आणि आज 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' ही शहराची वाहतूक संस्था ऑपरेटर, चालक आणि गाडी या तिघांनाही वेगवेगळा परवाना देते.

या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. मिनीकॅबला रस्त्यावर किंवा विमानतळाच्या दारात उभे राहून प्रवासी घेता येत नाही. भाडे परवानाधारक ऑपरेटरकडे आधी नोंदवलेले असलेच पाहिजे. उबर, बोल्ट या अ‍ॅपच्या गाड्याही कायद्याने याच प्रकारात मोडतात. अ‍ॅपवर आपण बटण दाबतो, तीच नोंदणी.

म्हणजे बाहेर पडण्याच्या दारात कोणी जवळ येऊन "टॅक्सी? टॅक्सी?" असे विचारत असेल, तर तो माणूस गुन्हा करतो आहे. मग तो हिंदीत बोलो, पंजाबीत बोलो, की "इंडियातून का?" म्हणत बॅगेला हात घालो. अशा बिननोंदणीच्या फेरीला विमा लागू नसतो आणि तुम्ही कोणाच्या गाडीत बसलात याची नोंद कुठेच राहत नाही. आमच्यातला एक जण काही वर्षांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास उतरला. फोनला रेंज नव्हती, अंगात ताप होता. "चाळीस पौंड" म्हणणाऱ्या माणसाबरोबर तो निघाला. वसतिगृहापाशी पोहोचल्यावर आकडा एकशेदहा झाला. बॅगांचे वेगळे, पार्किंगचे वेगळे, रात्रीचे वेगळे. बॅगा डिकीत आणि डिकीची किल्ली त्याच्याकडे. दिले. पावती नाही, गाडीचा नंबर पाहिलेला नाही. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध?

आता बुकिंगकडे वळू. इंटरनेटवर शोधले की स्वस्त दराच्या वेबसाइटींची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच स्वतः गाड्या चालवत नाहीत. त्या दलाल आहेत, तुमचे भाडे घेऊन दुसऱ्याला विकतात. दलाल असणे गुन्हा नाही, पण गाडी आली नाही की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तुम्ही मध्ये उभे. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा : प्रत्यक्ष गाडी पाठवणारा ऑपरेटर कोण, आणि त्याचा परवाना क्रमांक काय? हा क्रमांक ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या वेबसाइटवर कोणालाही तपासता येतो. हीथ्रो शहराच्या अगदी पश्चिम टोकाला असल्यामुळे शेजारच्या नगरपालिकांचा परवाना असलेल्या कंपन्याही तिथे भाडी करतात. तेही कायदेशीर आहे, फक्त मग क्रमांक त्या नगरपालिकेकडे तपासायचा. क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा दर कितीही कमी असो, तो नाद सोडा. आगाऊ पैसे एखाद्याच्या वैयक्तिक बँक खात्यावर किंवा भारतातल्या नंबरवर यूपीआयने मागणाऱ्याचाही.

डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ऑपरेटरने प्रवाशाशी स्वतः करार केला पाहिजे, 'आम्ही फक्त चालकाशी गाठ घालून देतो' असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो खटला उबरच्या निमित्ताने झाला, पण लंडनच्या परवान्यावर चालणाऱ्या सगळ्या ऑपरेटरांना तो लागू होतो. त्यामुळे काही बिघडले तर दाद ऑपरेटरकडे मागायची, आणि त्यासाठी तो कोण हे आधी माहीत हवे.

अर्ज भरताना आपली मुले जिथे चुकतात, त्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी चूक तारखेची. घरात सगळे "१४ च्या रात्रीचं विमान" म्हणतात. विमान सुटते मध्यरात्रीनंतर दोन वाजता, म्हणजे १५ ला, आणि लंडनला पोहोचते १५ च्या सकाळी. बुकिंग १४ चे झालेले असते. गाडी आदल्या दिवशी येऊन निघून जाते आणि पैसे बुडतात. बुकिंगमध्ये पोहोचण्याची तारीख आणि लंडनची स्थानिक वेळ टाकायची. सप्टेंबरमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे केल्यावर साडेपाच तास.

विमानाचा क्रमांक न चुकता द्या. त्यावरून ऑपरेटर विमान उशिरा आहे का ते पाहतो आणि गाडीची वेळ सरकवतो. दुबई, दोहा असे कुठे विमान बदलत असाल तर दुसऱ्या विमानाचा क्रमांक द्यायचा, मुंबईहून सुटणाऱ्याचा नाही. टर्मिनलही तिकिटावरून पाहून लिहा. हीथ्रोवर सध्या २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल चालू आहेत. क्रमांक एकचे २०१५ मध्येच बंद झाले, आणि चार व पाच इतरांपासून बरेच दूर आहेत.

गाडीची वेळ विमान उतरण्याचीच टाकू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथली स्वयंचलित दारे वापरता येत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभे राहावे लागते. सप्टेंबरात ही रांग लांबते, मग बॅगांची वाट पाहायची. उतरल्यापासून बाहेर यायला तास ते दीड तास धरून चाला. बहुतेक ऑपरेटर काही वेळ फुकट थांबतात आणि पुढे मिनिटांवर पैसे लावतात. हा फुकट वेळ विमान उतरल्यापासून मोजतात की तुम्ही दिलेल्या वेळेपासून, एवढे लेखी विचारून घ्या. सगळा वाद याच एका ओळीवर होतो.

पत्त्यात पोस्टकोड हवाच. लंडनमध्ये 'चर्च रोड', 'स्टेशन रोड' कितीतरी आहेत. नुसते रस्त्याचे नाव दिले तर चालक तुम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊ शकतो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले ते घर उदाहरण म्हणून घेऊ. '१०, किंग हेन्रीज रोड' हा पत्ता अर्धाच झाला. त्यापुढे एनडब्ल्यू ३ ने सुरू होणारा पूर्ण पोस्टकोड लागतो. एनडब्ल्यू म्हणजे शहराचा वायव्य भाग. वसतिगृहाचाही तसाच पूर्ण पोस्टकोड प्रवेशाच्या ईमेलमध्ये असतो. सोबत स्वागतकक्ष रात्री उघडा असतो का, हेही त्यातच पाहा. गाडी वेळेवर पोहोचली आणि किल्ली द्यायला कोणी नाही, असेही झालेले आहे.

बॅगा मोजून सांगा. साध्या गाडीत दोन मोठ्या बॅगा बसतात, तिसरी कशीबशी. दोन विद्यार्थी, प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा आणि वर हातातले सामान, एवढे त्यात मावत नाही. त्यांनी सहा आसनी मोठी गाडी सांगावी. लहान मूल सोबत असेल तर त्याची खुर्ची आधी मागावी लागते.

नावाची एक गंमत आमच्या चांगली लक्षात राहिली आहे. मुंबईहून आलेल्या एकाच विमानातून दोन कांबळे उतरले आणि एकाच्या गाडीत दुसरा जाऊन बसला. सप्टेंबरातल्या विमानात कांबळे, गायकवाड, मेश्राम एकाहून जास्त असणारच. त्यामुळे पाटीवर पूर्ण नाव मागा. आणि पाटी धरणाऱ्याकडे जाऊन "मी अमुक, माझी गाडी का?" असे विचारू नका. त्यालाच नाव विचारा. खरा चालक तुमचे नाव, जायचे ठिकाण आणि ऑपरेटर सांगेल. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोटो ऑपरेटरने आधी पाठवलेला असतो, तो जुळवून पाहा. गाडीच्या काचेवर परवान्याची चकती आणि चालकाकडे फोटोचे ओळखपत्र असते. मुलींनी आणि मुलांनीही हा सगळा तपशील गाडीत बसण्याआधी घरी पाठवून ठेवावा.

त्यासाठी फोन चालू हवा. हीथ्रोवर वायफाय फुकट आहे, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप चालते, पण चालक कधी कधी साध्या नंबरवर फोन करतात. बुकिंगमध्ये तुमचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपचा आहे हे लिहा. पैसे मात्र भारतातच, घरून भरा. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात. शिवाय लंडनमध्ये उभे राहून पैसे भरायला गेलात तर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, आणि ते सिम तिथे बंद पडलेले असते.

दराबद्दल. 'सगळे धरून' किती, हेच विचारायचे. हीथ्रोवर प्रवाशांना घ्यायला येणाऱ्या गाडीला पार्किंगचे पैसे पडतात. मध्य लंडनमध्ये दिवसा शिरणाऱ्या गाडीवर गर्दीचा कर आहे, आणि २०१९ पासून मिनीकॅबला त्यातून सूट नाही. हे दोन्ही दरात धरले आहेत का, ते लेखी घ्या. रद्द करण्याची मुदतही पाहा. आपल्याकडे व्हिसा अडकतो, तिकीट पुढे ढकलावे लागते, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द होणारे बुकिंग दोन-चार पौंड महाग असले तरी तेच घ्या.

इतके सांगूनही आमचे मत असे की एकट्या, धडधाकट, दिवसा उतरणाऱ्या विद्यार्थ्याने खासगी गाडी करूच नये. हीथ्रोच्या पोटात रेल्वे येते. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, मध्य लंडनला तासाभरात नेते. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन तिच्यापेक्षा महाग, पण पॅडिंग्टनला सुमारे अर्ध्या तासात पोहोचवते आणि तिच्यात बॅगांना जागा आहे. गाडीच्या तुलनेत दोन्हींचे भाडे किरकोळ आहे. अडचण जिन्यांची असते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सजवळचे होबर्न आणि विद्यापीठाच्या परिसरातले रसेल स्क्वेअर, दोन्ही पिकॅडिलीवरच आहेत, पण दोन्हीकडे पायऱ्या चुकत नाहीत. किंग्ज क्रॉसला फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. तिथे उतरून शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी काळी टॅक्सी घेतली तरी पूर्ण रस्त्याच्या गाडीच्या एका तुकड्यात काम होते.

गाडीचा खर्च कोणासाठी योग्य? रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठी, कारण पिकॅडिली रात्रभर फक्त शुक्रवारी आणि शनिवारी चालते. आई-वडील, लहान मूल किंवा अपंग व्यक्ती सोबत असेल तर. आणि तिघे-चौघे एकाच विमानाने, एकाच भागात जाणार असतील तर, कारण मोठ्या गाडीचे भाडे वाटून घेतले की माणशी आकडा एलिझाबेथ लाइनच्या फार वर जात नाही. निवड यादी लागल्यावर विद्यार्थी आपापले गट करतातच, त्यात विमानाच्या तारखाही टाका.

दर अगदीच कमी दिसला तर थोडे थांबा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे 'कामगार' आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क आहे, असा निकाल दिला. तो खटला चालकांनी स्वतः उभे राहून, खालच्या न्यायाधिकरणापासून लढत नेला होता. अवघ्या तीस पौंडांत तासभराचा रस्ता, पार्किंग आणि दीड तासाची वाट पाहणे बसत नाही. बसले तर ते कोणाच्या तरी मजुरीतून कापलेले असते, किंवा पोहोचल्यावर तुमच्याकडून वसूल होणार असते.

काही बिघडलेच तर आधी ऑपरेटरला लेखी कळवा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर परवाना देणाऱ्या संस्थेकडे जा. बुकिंगचा ईमेल, गाडीचा नंबर आणि पावती महिनाभर तरी पुसू नका. डिकीत राहिलेली बॅगही याच कागदांवर परत मिळते. मागच्या वर्षी प्रमाणपत्रांची एक अख्खी फाईल अशीच तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या दारात आली.