सिंकोना : अँडीजच्या रानातून भारताच्या डोंगरउतारांवर

थंडी वाजून ताप भरला की कोयनेलची कडू गोळी घ्यावयाची, हा महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांचा परिपाठ होता. हे कोयनेल म्हणजेच क्विनीन. ते ज्या झाडाच्या सालीतून मिळते, तो सिंकोना मात्र मूळचा भारतातील नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर, कोलंबियापासून बोलिव्हियापर्यंतच्या धुकट अरण्यांत, तो रानटी अवस्थेत वाढतो. एका खंडातील रानफुलाचे बी दुसऱ्या खंडात रुजविताना काय काय साधावे लागते आणि कोठे अपयश पदरी येते, याचा सिंकोना हा बोलका नमुना आहे.

रानातील झाड

सिंकोना हा कॉफीच्याच, म्हणजे रुबिएसी कुलातील सदाहरित वृक्ष आहे. त्याला गुलाबी किंवा पिवळसर पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात. या वंशाला ‘सिंकोना’ हे नाव लिनियस या शास्त्रज्ञाने १७४२ मध्ये दिले. पेलेत्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये त्याच्या सालीतून क्विनीन वेगळे केले आणि सालीची मागणी झपाट्याने वाढली. साल काढण्यासाठी रानातील झाडे तोडली जात; त्यांच्या जागी नवी लावण्याची काळजी क्वचितच घेतली जाई. दुसरीकडे, भारतात हिवताप दरवर्षी असंख्य बळी घेत होता. सालीसाठी दूरच्या रानावर विसंबून न राहता झाडच येथे लावावे, हा विचार त्यातून पुढे आला.

रोपे आणि बिया यांचा प्रवास

१८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सरकारने ही मोहीम हाती घेतली. मार्कहॅम यांनी स्वतः पेरूमधून काढलेली रोपे लांबचा सागरप्रवास आणि वाटेतील उष्णता यांमुळे वाचली नाहीत. याच मोहिमेत वनस्पतितज्ज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वताच्या उतारावर तांबड्या सालीच्या सिंकोनाच्या सुमारे एक लाख बिया गोळा करून वाळविल्या. या बियांपासून उटकमंड येथे विल्यम मॅकआयव्हर यांनी रोपे तयार केली आणि निलगिरीवर दोडाबेट्टा व नडुवट्टम येथे मळे उभे राहिले. बंगालमध्ये टॉमस अँडरसन यांनी दार्जिलिंगजवळ सेंचल येथे केलेला पहिला प्रयत्न तेथील कडक थंडीमुळे फसला. पुढे कमी उंचीवरील मंगपूच्या परिसरात लागवड यशस्वी झाली.

चिमुकले बी, मोठी निगा

सिंकोनाचे बी कागदासारखे पातळ व पंखयुक्त असते. ते इतके हलके असते की, एका ग्रॅममध्ये तीन हजारांच्या आसपास बिया भरतात. वाऱ्यावर उडून जाण्यासाठीच निसर्गाने त्याची अशी घडण केली आहे. मात्र त्यात अन्नसाठा अत्यल्प असल्याने ते खोल पेरले तर अंकुर मातीबाहेर येऊ शकत नाही. फार दिवस साठविल्यास त्याची उगवणशक्तीही घटते.

म्हणून ताजे बी चाळलेल्या पानकुजीच्या भुसभुशीत वाफ्यावर विरळ भुरभुरावे लागते व त्यावर मातीचा केवळ हलका हात द्यावा लागतो. वाफ्यावर गवती छप्पर हवे, म्हणजे उन्हाचा ताप आणि पावसाचा मार या दोहोंपासून बचाव होतो. पाणी बारीक धारेने द्यावयाचे असते. तीन ते सहा आठवड्यांत उगवण होते. रोपे बोटभर झाली की दुसऱ्या वाफ्यात हलवितात, हळूहळू सावली कमी करतात आणि सुमारे वर्ष-दीड वर्षाने डोंगरउतारावर लावतात. जमीन आम्लधर्मी व पाण्याचा उत्तम निचरा होणारी लागते. मुळांशी पाणी साचले की झाड दगावते.

लिंगमळ्याचा धडा

महाराष्ट्रातही हा प्रयोग झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सरकारने सिंकोनाची लागवड केली. परंतु ती टिकली नाही. महाबळेश्वरची उंची आणि थंड हवा पाहता हा प्रयत्न साहजिक होता. तथापि, तेथे वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच कोसळतो आणि त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. सिंकोनाला मात्र बारमाही ओलावा हवा असतो. केवळ उंची आणि तापमान जुळले म्हणजे हवामान जुळले असे होत नाही; पाऊस किती पडतो याइतकेच तो वर्षभरात कसा विभागला जातो, हेही महत्त्वाचे ठरते.

शुद्ध बियाण्याचे मोल

बी रुजले तरी प्रश्न संपत नाही. सिंकोनाच्या काही झाडांवरील फुलांत कुक्षिवृंत लांब, तर काहींत आखूड असतो. या रचनेमुळे परपरागण होते आणि जवळपास दुसरी जात असल्यास संकरित बी तयार होते. अशा रोपांच्या सालीतील क्विनीनचे प्रमाण एकसारखे राहत नाही.

याचे महत्त्व जावामध्ये सिद्ध झाले. बोलिव्हियातील मान्युएल इंक्रा मामानी यांनी निवडक झाडांचे बी गोळा करून चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याला दिले. ब्रिटिशांनी ते नाकारले. डचांनी १८६५ मध्ये त्यातील सुमारे एक पौंड बी विकत घेतले. त्यातून वाढलेल्या झाडांपैकी काहींच्या सालीत क्विनीनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक भरले. डचांनी ही झाडे इतर जातींपासून दूर ठेवली आणि तांबड्या सालीच्या जातीच्या खुंटावर त्यांची कलमे केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील बहुतेक क्विनीन जावातून येऊ लागले. मामानी यांना मात्र पुढे पुन्हा बी गोळा करताना अटक झाली आणि तेथील मारहाणीने त्यांचा अंत झाला. या यशाच्या इतिहासात त्यांची आठवण क्वचितच काढली जाते.

भारतातील झाडांत क्विनीन तुलनेने कमी असले, तरी त्याचा उपयोग सामान्य रुग्णापर्यंत पोहोचला. बंगालमध्ये १८९२ पासून क्विनीनच्या पुड्या पोस्टाच्या कचेऱ्यांतून एका पैशाला मिळू लागल्या.

दुसरी बाजू

आज हिवतापावरील उपचारात आर्टेमिसिनिन गटातील औषधांना अग्रस्थान आहे. क्विनीनचा वापर मर्यादित झाला आहे. सिंकोनाची कथा मात्र तेथे संपत नाही. १९४० च्या दशकात गॅलापागोस बेटसमूहातील सांताक्रूझ बेटावर तांबड्या सालीचा सिंकोना लावण्यात आला. लिंगमळ्यात जे झाड जगले नाही, तेच तेथे अनिर्बंध फोफावले. वाऱ्यावर उडणाऱ्या बियांनी बेटावरील वृक्षहीन माळ व्यापले आणि स्थानिक वनस्पतींना धोका निर्माण झाला.

रानातील वनस्पती परमुलखात नेताना दोन प्रश्नांचा विचार करावयास हवा. ती तेथे जगेल काय, हा पहिला. ती जगली तर तेथील मूळच्या वनस्पती जगतील काय, हा दुसरा. आणि त्याचे उत्तर पेरणीपूर्वीच शोधणे इष्ट होय.