सोमवारी अजिंठा नाही, मंगळवारी वेरूळ नाही

चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा इथल्या कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरात परदेशी पाहुण्यांची ये-जा कायमच असते. कुणी यंत्र बसवायला येतो, कुणी तपासणीला. म्युनिक किंवा स्टुटगार्टहून आलेल्या अभियंत्याचं काम शुक्रवारी आटोपतं, परतीचं विमान असतं तीन-चार दिवसांनी. मग इथल्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, पाहुण्याला दाखवायचं काय आणि कसं? पुण्या-मुंबईहून जोडून सुट्टी काढून येणाऱ्या नातेवाइकांच्या बाबतीतही हाच प्रश्न पडतो.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. सकाळी गाडी काढायची, दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ करायचं आणि परतताना बीबी का मकबरा व पाणचक्की उरकायची. सहा ठिकाणं, एक दिवस. रात्री मोबाइलमध्ये फोटो भरपूर असतात, पण कुठलं शिल्प कुठे पाहिलं ते कुणालाच सांगता येत नाही. हा या परिसरावर अन्याय आहे आणि पाहुण्यावरही. मुक्काम शहरातच ठेवावा आणि रोज एकच दिशा धरावी.

सगळ्यात आधी वार बघावा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. इतकी साधी गोष्ट माहीत नसल्याने लांबून आलेली कुटुंबं फाटकावरून परत फिरतात. जर्मन पाहुण्याला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण म्युनिकमधली बहुतेक मोठी कलासंग्रहालयंही सोमवारी बंदच असतात.

वार जुळले की ऊन बघावं. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे त्याच्या दर्शनी भागावर खरा उजेड पडतो तो दुपारनंतर. म्हणून सकाळचा गारवा दौलताबादला द्यावा. यादवांची ही देवगिरी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली ती इथेच. डोंगराचा उतार तासून त्याचा उभा कडा केलेला आणि पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की अंधारी लागते. या वळणावळणाच्या भुयारात शत्रूला गोंधळात पाडण्याची सोय होती. वाट चढणीची आहे, दम लागतो, तेव्हा दहाच्या आत वर पोचलेलं बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर उतरल्यावर किल्ल्याजवळ सीताफळं घ्यावीत. पुढच्या रस्त्यावर कागजीपुरा आहे, हातकागदाचं गाव. खुलताबादला औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर आहे आणि तिथेच, त्याच्या आधी गेलेल्या, संभाजीनगरची मूळ वस्ती वसवणाऱ्या मलिक अंबरचा मकबराही.

दुपारी वेरूळ. इथे एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट धरू नये. दहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि बत्तिसावी इंद्रसभा बघून उरलेला सगळा वेळ सोळाव्याला, म्हणजे कैलासाला द्यावा. आत शिरण्याआधी बाजूच्या टेकडीवर चढून वरून एकदा खाली पाहावं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी काम सुरू केलं ते याच उंचीवरून. कळस आधी घडला, पाया शेवटी. चूक झाली तर दगड पुन्हा जोडता येणार नव्हता. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात, हे आपल्या हातून घडलं कसं, असं खुद्द शिल्पकारालाच वाटल्याचं वर्णन आहे. मग खाली उतरून दक्षिणेच्या बाजूला, रावण कैलास हलवतो ते शिल्प शोधावं. रावणाचे हात डोंगराला भिडलेत, वर पार्वती दचकून शंकराला बिलगली आहे, एक दासी घाबरून पळत सुटली आहे आणि शंकर मात्र शांत. काही ठिकाणी चुन्याच्या गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून दिसतात. आज काळं दिसणारं हे देऊळ कधीकाळी पांढरं आणि रंगीत होतं.

अजिंठ्यासाठी मात्र अख्खा दिवस हवा. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोडच्या रस्त्याने. फर्दापूरजवळ खासगी गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. वाघूर नदीच्या वळणावर अर्धवर्तुळात कोरलेली ही लेणी दोन काळांतली आहेत. काही सातवाहनांच्या वेळची, बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या सुमाराची. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती २८ एप्रिल १८१९ रोजी पडली आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. पुढे रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर घाई करू नये. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, मग हळूहळू पद्मपाणी दिसू लागतो. भिंतीला माती, भाताचं तूस आणि गवत यांचा लेप, वर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. सतराव्या लेण्यात कथाच कथा आहेत, आणि इथे म्युनिकच्या पाहुण्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी. कुठल्या भिंतीवर कोणती जातककथा आहे, हे एकेक प्रसंग ग्रंथांशी ताडून लावण्याच्या कामात त्याच्याच शहराच्या विद्यापीठातले प्राध्यापक डीटर श्लिंगलॉफ यांनी मोठी भर घातली.

तिसरा दिवस शहराला द्यायलाच हवा, नेमका तोच लोक गाळतात. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं हे शहर, ५२ दरवाजांचं म्हणून ओळखलं जाणारं. त्यातला भडकल दरवाजा त्याच्याच काळातला. सकाळी औरंगाबाद लेणी बघावीत. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात असूनही तिथे फारसं कुणी फिरकत नाही. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत. त्यांचे चेहरे, केशरचना आणि हार इतके वेगवेगळे आहेत की ही माणसं कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलीच असावीत. बीबी का मकबरा मग उतरतीला. ताजशी तुलना होतेच, पण प्रवेशद्वारावर कोरलेली नावं वाचावीत. स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. हा अताउल्ला ताजशी नाव जोडलेल्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. पाणचक्कीवर पाण्याची धार बघताना लक्षात ठेवायचं ते हे की हे पाणी डोंगरातल्या झऱ्यापासून जमिनीखालच्या खापरी नळांतून इथवर आणलेलं आहे. जेवायला नान-खलिया.

सुट्टीत मंगळवार आला तर पैठण गाठावं. एकनाथांची समाधी, मागावर हाताने मोर विणणारे पैठणीचे कारागीर आणि थंडीत नाथसागरावर उतरणारे पाहुणे पक्षी, एवढ्यात दिवस जातो. आणखी एक दिवस हाताशी असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहे, सुमारे दीडशे किलोमीटरवर. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यासाचं हे विवर. त्यातल्या खाऱ्या पाण्याचा रंग जून २०२० मध्ये गुलाबी झाला होता, तो क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तिथे जायचं तर पहाटेच निघावं, पायात चांगले बूट आणि सोबत भरपूर पाणी असावं. उतरायला सोपं वाटतं, पण उन्हात चढून येताना वेळ लागतो.