गाळा दोंडाईचात, फॅब्रिकेटर धुळ्यात, मशीन सुरतचं: पण ड्रॉइंग एकच ठेवा!



समजा, तुम्हाला मसाल्याचं युनिट टाकायचंय. दोंडाईचात मिरचीचा बाजार आहे, कच्चा माल दारात मिळतो. गाळा इथे, हॉपर आणि स्टँड बनवणारा फॅब्रिकेटर धुळ्यात, पॅकिंग मशीन सुरतचं, वायरमन गावातला. हे सगळे एका जागी कधीच बसत नाहीत. मग कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. तुम्ही हॉपरची उंची चार इंच कमी करून नवा फोटो टाकता, आणि तिकडे जुन्या फोटोवरून पत्रा कापला जातो. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. भुर्दंड तुमचाच.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलं नाही

एअरबस ए३८० हे जगातलं सर्वात मोठं प्रवासी विमान. त्याच्या सांगाड्याचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला बनायचे आणि जुळणी फ्रान्समध्ये तुलूझला व्हायची. दोन्हीकडे कॅटिया हेच डिझाइन सॉफ्टवेअर होतं, पण जर्मनीत जुनी चौथी आवृत्ती आणि फ्रान्समध्ये नवी पाचवी. विमान जोडताना वायरी आखूड पडल्या! काम सुमारे दोन वर्षं लांबलं. पहिलं विमान ग्राहकाला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

त्याआधी बोइंगने ७७७ हे विमान कॅटियावरच पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन केलं होतं. ते जून १९९४ मध्ये उडालं. तिथे वेगवेगळ्या टीम एकाच डिजिटल मॉडेलवर पार्ट जोडून बघायच्या. कुठे काय अडतंय ते धातू कापायच्या आधीच कळायचं.

सॉफ्टवेअर तेच होतं. फरक पडला तो सगळे एकच मॉडेल बघतात की नाही, यामुळे. कॅटिया बनवणाऱ्या दसॉल्ट सिस्टिम्सचं केंद्र आपल्या पुण्यातही आहे, म्हणजे हे काम काही परग्रहावरचं नाही.

तुम्ही काय वापराल?

डोळ्यावर लावायचा महागडा व्हीआर चष्मा आत्ता नको. लॅपटॉप आणि इंटरनेट पुरे.

- फ्रीकॅड: फुकट आहे, धंद्यासाठीही वापरता येतं. मॉडेल बनवा, फाइल गुगल ड्राइव्हवर ठेवा.
- ऑनशेप: ब्राउझरमध्ये चालतं. अनेक जण एकाच वेळी काम करू शकतात, जुनी आवृत्तीही परत काढता येते. पण लक्षात ठेवा, फुकट प्लॅनमधलं काम सगळ्यांना दिसतं आणि तो प्लॅन धंद्यासाठी नाही. शिकायला वापरा, ग्राहकाचं डिझाइन त्यात टाकू नका.
- गुगल मीट: स्क्रीन शेअर करा, मॉडेल फिरवून दाखवा. वायरमन तिथेच सांगेल, "साहेब, मोटर इथे ठेवली तर पॅनलचं दार उघडणार नाही."

चार नियम पाळा

१. फाइल एकच, जागा एकच. फोटो पाठवू नका, लिंक पाठवा.
२. माप एकाच एककात. फॅब्रिकेटर मिलिमीटरमध्ये काम करत असेल तर तुम्हीही मिलिमीटरच लिहा.
३. बदल एकानेच करायचा. बाकीच्यांनी सुचवायचं.
४. पत्रा कापायच्या आधी सगळ्यांची एक मीटिंग. त्यात गाळ्याचं शटर, दार आणि थ्री-फेजचा पॉइंट मॉडेलमध्ये दाखवलाय का ते बघा. "फायनल" म्हणताना तारीख आणि आवृत्ती नंबर टाका.

आज एक काम करा. टेप घ्या, तुमचा गाळा मोजा आणि तेवढाच रिकामा गाळा फ्रीकॅडमध्ये काढा. मशीनची ऑर्डर त्यानंतर द्या.