समुपदेशनाचे क्षेत्रकार्य आणि गावकुसाबाहेरचा माणूस

समुपदेशन हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. विद्यापीठांतून मानसशास्त्र, समाजकार्य आणि समुपदेशन या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, दवाखान्यात, वस्तीत पाठवली जातात. याला अभ्यासक्रमाच्या भाषेत 'क्षेत्रकार्य' म्हणतात आणि मुलांच्या भाषेत 'फील्डवर्क'. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात या मुलांमध्ये दलित, भटक्या-विमुक्त आणि शेतमजूर घरांतली, घरात पहिल्यांदाच विद्यापीठ पाहणारी मुले आहेत. ज्यांच्याकडे ती पाठवली जातात ती माणसेही पुष्कळदा अशाच घरांतली असतात. म्हणून या क्षेत्रकार्यावर देखरेख कोण करतो आणि तो विद्यार्थ्याला कोणते प्रश्न विचारतो, ही केवळ विद्यापीठाची अंतर्गत बाब आहे असे मानून चालणार नाही. कार्यकर्ते आणि शिक्षक या दोघांनीही ती समजून घेतली पाहिजे.

प्रत्यक्ष कामातून शिकावे ही कल्पना जुनी आहे. १८८९ साली जेन ॲडम्स यांनी शिकागोच्या कामगार वस्तीत 'हल हाऊस' उघडले. शिकलेल्या माणसाने गरिबांच्या वस्तीत जाऊन राहावे आणि शेजारी म्हणून काम करावे, असा तो विचार होता. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा हल हाऊसशी निकटचा संबंध होता. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकणाऱ्या बाबासाहेबांचे गुरू झाले. नुसता अनुभव म्हणजे ज्ञान नाही, अनुभव तपासला पाहिजे, हे ड्यूईंच्या शिकवणीचे सार होय. शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. त्यांनी नागपाड्याच्या कामगार वस्तीत नेबरहुड हाऊस चालवले. त्या कामातूनच १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे आपल्याकडे या शिक्षणाचा जन्म वस्तीत झाला आणि वर्ग नंतर आला. आज क्रम उलटला आहे. आधी वर्ग भरतो, मग वस्ती शोधली जाते, आणि हजेरीपुस्तकात तास भरले की काम झाले असे समजले जाते.

हे काम कसे चालते ते आधी पाहू. क्षेत्रकार्यात तीन बाजू असतात : विद्यापीठ, ज्या ठिकाणी विद्यार्थी जातो ती शाळा, रुग्णालय वा संस्था, आणि स्वतः विद्यार्थी. सुरुवातीला विद्यार्थी फक्त पाहतो. नंतर अनुभवी समुपदेशकाशेजारी बसतो. त्यानंतर तो स्वतः बोलू लागतो, पण एकटा नसतो. प्रत्येक भेटीनंतर तो नोंद लिहितो : माणूस काय म्हणाला, मी काय म्हणालो, मला त्या वेळी काय वाटले, पुढे काय करायचे ठरले. ही नोंद घेऊन तो पर्यवेक्षकासमोर बसतो. या बैठकीला पर्यवेक्षण म्हणायचे. याखेरीज सगळ्या विद्यार्थ्यांची मिळून गटबैठक होते आणि एकाच्या अडचणीतून दुसरा शिकतो.

पर्यवेक्षण म्हणजे तपासनिसाची फेरी आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नवशिक्याच्या हातून समोरच्या माणसाला इजा होऊ नये, हा पर्यवेक्षणाचा पहिला हेतू. आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला, तर विद्यार्थ्याने ते गुपित म्हणून पोटात ठेवायचे नसते. त्याच दिवशी, त्याच तासाला पर्यवेक्षकाला सांगायचे असते. समोरच्या माणसालाही पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचे असते की तुमचे बोलणे बाहेर जाणार नाही, मात्र जिवाला धोका दिसला तर मी माझ्या शिक्षकांशी बोलेन. दुसरा हेतू असा की, जे आपल्याला दिसले नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसावे.

या दुसऱ्या हेतूचे महत्त्व गोव्यातल्या एका कामावरून कळते. तेथील 'संगथ' ही संस्था १९९६ सालची. तिने मानसोपचाराची पदवी नसलेली स्थानिक माणसे निवडली, त्यांना शिकवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने गांजलेल्या रुग्णांशी बोलायला बसवले. सहा ते आठ बैठकांच्या त्या उपचाराचा फायदा होतो हे काटेकोर चाचणीत दिसले आणि त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या समुपदेशकांनी आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करायच्या, गटात एकत्र ऐकायच्या आणि एकमेकांच्या कामाला गुण द्यायचे अशी पद्धत होती. पदवी नसलेला माणूस चांगले काम करू शकतो, पण पर्यवेक्षणावाचून नाही, हा त्याचा धडा आहे. आपल्या वस्त्यांतली शिकलेली पोरे उद्या हे काम करणार असतील तर त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता प्रश्न असा, की पर्यवेक्षक विचारतो काय?

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरच्या उमरीत एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात क्षेत्रकार्याचा विद्यार्थी जातो. अकरावीतली एक मुलगी त्याच्याकडे पाठवली जाते. ती वर्गात गप्प असते, गैरहजर राहते, रात्री झोप लागत नाही म्हणते. विद्यार्थी नोंदवहीत लिहितो : आत्मविश्वास कमी, अभ्यासात लक्ष नाही, तीन बैठका घेऊन आत्मविश्वास वाढवणे. एक पर्यवेक्षक या नोंदीखाली सही करील. दुसरा विचारील : तिचे आईबाप कुठे आहेत? दसऱ्यानंतर ते ऊसतोडीला गेले असतील तर घरी स्वयंपाक कोण करते, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते? रात्री घरात कोण मोठे माणूस असते? शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली का? वर्गात ती कोणाशेजारी बसते, आणि तिला हाक कोणत्या नावाने मारतात? हे सगळे तू तिला विचारलेस का, आणि विचारले नसशील तर का विचारवले नाही?

या प्रश्नांनी कामाची दिशा बदलते. झोप का लागत नाही याचे उत्तर कदाचित दाराच्या मोडक्या कडीत सापडेल. मग वसतिगृहाचा किंवा स्वाधार योजनेचा अर्ज, कार्यालयातल्या लिपिकाशी बोलणे, वर्गशिक्षकांशी बोलणे, हाही समुपदेशनाचाच भाग ठरतो. आणि तरीही तिच्या भीतीशी, तिच्या एकटेपणाशी बोलावेच लागते. अर्ज भरून दिला की मन मोकळे होते असे नाही. आपल्या चळवळीतले काही कार्यकर्ते मनाच्या दुखण्याला बूर्ज्वा चोचले समजतात, तर काही प्राध्यापक सगळे दुखणे मनातच शोधतात. दोघांनाही अर्धाच माणूस दिसतो.

जातीचा प्रश्न आला की पर्यवेक्षण बहुधा मुके होते. पाठ्यपुस्तकात कुटुंब असते, बालपण असते, ताण असतो, पण गावकूस नसते. मराठवाड्यात तरी असे चालणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. ही आठवण घरांतून वाहत येते. आणि हा केवळ इतिहास नाही. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे अक्षय भालेराव या तरुणाची हत्या झाली, आणि गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून ती झाल्याचे कुटुंबीयांनी सांगितले. अशा घटनेनंतर वस्तीतली मुले रात्री दचकून उठत असतील, तर त्यांच्या भीतीला नुसता आजार म्हणायचे का? ती भीती वास्तवाची नोंद आहे. तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला श्वासाचे व्यायाम शिकवता यावेत, तसेच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडिताला कोणते हक्क आहेत हेही सांगता आले पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की माणसाच्या सामाजिक वा आर्थिक स्थितीवरून, किंवा तो भोवतालच्या समाजाची रीत मानत नाही म्हणून, त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही. सेवा देताना जातीवरून भेदभाव करता येणार नाही, असेही त्यात आहे. ही कलमे वर्गात शिकवली जावीत, आणि पर्यवेक्षणात प्रत्येक नोंदीला लावून पाहावीत.

नांदेड-लातूरच्या सीमाभागात भानामतीचा समज खोल रुजलेला आहे. घरातली सून घुमू लागली, अंगात आले म्हणून ओरडू लागली, की करणी कोणी केली याचा शोध सुरू होतो, आणि संशयाचे बोट पुष्कळदा वस्तीतल्या दुबळ्या घराकडे वळते. येथे पर्यवेक्षकाला दोन माणसांचा विचार करावा लागतो. सुनेचा कोंडमारा ऐकून घेतला पाहिजे, आणि जिच्यावर आळ आला त्या बाईला मारहाणीपासून वाचवले पाहिजे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या दुसऱ्या कामासाठी आहे. विद्यार्थ्याला एकट्याने गावाच्या तोंडी देणे मात्र गुन्ह्यासारखे आहे. येथे पर्यवेक्षकाने स्वतः गावात जायला हवे.

दलित विद्यार्थ्याचे क्षेत्रकार्य आणखी एका कारणाने वेगळे असते. तो गावात गेला की आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग गावातली आळी. पाणी कोणत्या भांड्यातून येते हे तो पाहतो आणि नोंदवहीत लिहीत नाही, कारण त्या रकान्याला नावच नाही. वस्तीतल्या माणसाचे दुःख ऐकताना त्याला स्वतःचे घर आठवते. अशा वेळी 'तटस्थ राहा' एवढे सांगून पर्यवेक्षकाचे काम संपत नाही. जे आठवले ते बोलायला जागा दिली, तर तोच अनुभव ऐकण्याची ताकद होतो. जागा दिली नाही, तर विद्यार्थी एक तर आतून खचतो, नाहीतर आपल्याच माणसांपासून अंतर राखायला शिकतो. शिवाय प्रवासभाड्याचा साधा प्रश्न आहे. क्षेत्रकार्याच्या दिवशी मजुरी बुडते आणि बसभाडे खिशातून जाते. भाडे न परवडल्याने गैरहजर राहिलेल्या मुलाला 'कामाविषयी आस्था नाही' असा शेरा मिळत असेल, तर तो शेरा कोणाविषयी आहे?

वस्तीच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. वस्ती ही प्रयोगशाळा नाही. विद्यापीठाचे सत्र आणि वस्तीचे वर्ष जुळत नाही. सत्र रंगात येते तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपे असतात, आणि माणसे परततात तेव्हा परीक्षा आलेल्या असतात. जिवाभावाचे बोलून घेणारा विद्यार्थी मार्चनंतर दिसेनासा होतो आणि पुढच्या वर्षी दुसरा येऊन तेच प्रश्न विचारतो. म्हणून निरोप हाही क्षेत्रकार्याचा भाग समजावा. किती दिवस येणार हे पहिल्या दिवशी सांगावे, शेवटच्या तीन भेटी निरोपासाठी ठेवाव्यात, आणि काम पुढे कोणाकडे सोपवले ते त्या माणसाला सांगून जावे. आशाताई, शिक्षक, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, २०२२ पासून चालू असलेला टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी, यांची माहिती विद्यार्थ्याच्या खिशात असावी.

येथे सातबाऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे. शेतकरी आत्महत्येनंतरची सरकारी मदत जमिनीच्या कागदाला बांधलेली आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही अशा शेतमजुराने जीव दिला, तर त्याचे घर त्या यादीत येत नाही. विद्यार्थी केवळ यादीवरून घरे निवडील, तर ज्या घराला सर्वांत जास्त गरज आहे तेथे तो कधीच पोहोचणार नाही. घरे कशी निवडलीस, हा प्रश्नही पर्यवेक्षकाने विचारायचा असतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पर्यवेक्षक भेटावा. पर्यवेक्षकाने सत्रातून काही वेळा तरी प्रत्यक्ष जागेवर यावे. नोंदवहीत जात, जमीन, स्थलांतर आणि कर्ज यांना जागा असावी, पण माणसाचे नाव असू नये. प्रवासभाडे विद्यापीठाने द्यावे. वस्तीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना, त्यांत एक तरी बाई, वर्षाअखेरीच्या मूल्यमापनाला बोलवावे आणि त्यांच्या मताला गुणपत्रिकेत वजन द्यावे. वस्तीचा भरवसा कोणत्या विद्यार्थ्यावर बसला, हे त्यांना फायलीपेक्षा अधिक अचूक सांगता येईल.